पोहता येतं का, भिया?

मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या बदनावरचा पोरगा रात्री अकराला ठरवतो आणि पहाटे पाचला गोव्याला निघतो. एकटा. पाठीवर सॅक, बुडाखाली एमपी ११ ची बाईक, मागे दोरीने आवळलेला तंबू. हजारएक किलोमीटरवरच्या समुद्रात त्याला फळी टाकून लाटेवर उभं राहायचं आहे.

जाऊ द्या की त्याला!

पंचविशीत नाही निघायचं तर कधी? प्लॉटचे हप्ते आणि गुडघेदुखी सुरू झाल्यावर? आपल्याकडे घराबाहेर पडायला दोनच कारणं मान्य आहेत, लग्न आणि तेरावं. तिसरं कारण कुणी शोधत असेल तर त्याच्या पाठीवर थाप द्यावी.

तक्रार निघण्याबद्दल नाही. निघताना त्याने बाईकचं ऑइल बघितलं. चाकांतली हवा बघितली. गोव्यातल्या अश्वेमच्या हॉस्टेलचे फोटो बघितले, तिथल्या कॅफेत नाश्त्याला काय मिळतं तेही बघितलं. ज्या पाण्यात उतरायचं, ते तेवढं बघायचं राहिलं.

आणि जीव जातो तो पाण्यातच.

थोडा भूगोल. या सहलीची सगळी ओढ 'ट्रॉपिकल' किनाऱ्याची असते. कर्कवृत्त बदनावरच्या उत्तरेकडून, उज्जैन जिल्ह्यातल्या डोंगल्यावरून जातं. म्हणजे बदनावर मुळातच उष्ण कटिबंधात आहे. पोरगा जन्मापासून तिथेच राहतोय.

नसलेली गोष्ट एकच, समुद्र. गाव मालव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचेकशे मीटर वर. इथे जमीन काळी, पिकं सोयाबीन, गहू, लसूण. पाण्याची ओळख म्हणजे विहीर, तलाव आणि नळाला पाणी येण्याची वेळ.

समुद्राची वाट इथल्या एका नदीला मात्र ठाऊक आहे. शेजारच्या सरदारपूर तहसिलीत मिंडा गावाजवळ माही उगम पावते. आधी उत्तरेला जाते, राजस्थानात वळण घेते, कर्कवृत्त दोनदा ओलांडते आणि मग खंभातच्या आखाताला मिळते. नदीसुद्धा समुद्राकडे तडक धावत सुटत नाही.

पोरगा सुटतो.

लेबडवरून मानपूर, तिथून मुंबई-आग्रा रस्ता. गणपती घाटाचा उतार, जिथे ब्रेक गेलेल्या ट्रकांनी इतके जीव घेतले की शेवटी घाट टाळणारा दुसरा रस्ता काढावा लागला. खलघाटला नर्मदा. सेंधवा, बिजासन घाट, पळासनेर, शिरपूर, धुळे. इथपर्यंत सगळं घरचंच. दुकानांवरच्या पाट्या हळूहळू मराठी होतात एवढाच फरक.

पुढे दोन वाटा. एक पुणे-कोल्हापूर करून आंबोलीने सावंतवाडीत उतरणारी. दुसरी मुंबई-गोवा महामार्गाची. त्या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि मुदतीमागून मुदती उलटत गेल्या. याच रस्त्यावर २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसं घेऊन. त्या रात्री गाडीत बसलेल्यांपैकी कुणी साहस करायला निघालं नव्हतं. नेहमीच्या प्रवासाला निघाले होते.

रस्त्यावरचं पाणीसुद्धा माफ करत नाही. समुद्र कशाला करेल?

आता 'एकटा' जाण्याबद्दल. खलघाटच्या ढाब्यावर कुणीतरी पहाटे उठून पीठ मळलेलं असतं. शिरपूरला पंक्चर काढणारा रात्री दुकानातच झोपतो. आईचा फोन इंदूर रस्त्याला लागल्यापासून सुरू होतो. खात्यात पैसे कमी पडले की बाबा लसणाच्या पट्टीतले पाठवतात. इतक्या माणसांच्या खांद्यावरून जाणारा पोरगा एकटा कसा?

त्याला एकटं जायचं असेल तर जरूर जावं. पण निदान त्या ढाबेवाल्याला नाव विचारावं.

आणि हाच बेत त्याच्या बहिणीने केला तर? रात्री अकराला ठरवून पहाटे पाचला? पहाटेपर्यंत घरात चार काका, दोन मामा आणि शेजारच्या काकू जमलेल्या असतील. पोरगा निघाला की धाडस, पोरगी निघाली की प्रकरण.

याच मध्य प्रदेशातल्या राजगढ जिल्ह्याची आशा मालवीय १ नोव्हेंबर २०२२ ला भोपाळहून सायकलवर निघाली आणि एकटीने देशभर फिरून आली. सायकलवर! तिने हे रात्रीत ठरवलेलं नव्हतं. वाट आखून, मुक्काम ठरवून, ठिकठिकाणच्या प्रशासनाला कळवून ती गेली. म्हणून तिचं धाडस कमी झालं का?

तयारीने थरार जातो, ही समजूत ज्यांनी कधीच काही अवघड केलं नाही त्यांची असते.

आणखी एक गोष्ट. याच धार जिल्ह्यातून, शेजारच्या झाबुआ-अलिराजपूरमधून दरवर्षी हजारो भिल्ल कुटुंबं गुजरातेत मजुरीला जातात. सुरत, भरूच, राजकोट. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, बसच्या टपावर भांडी. उद्या कुठल्या साइटवर झोपायचं हे त्यांनाही माहीत नसतं. होळीच्या भगोऱ्या मेळ्याला परत येतात. त्यांच्या फिरण्याचा कुणी व्हिडिओ काढत नाही.

पाठीवरच्या ओझ्याला सॅक म्हटलं की प्रवास, बोचकं म्हटलं की स्थलांतर.

मालव्यातून गुपचूप समुद्र गाठण्याची परंपरा मात्र जुनी आहे. देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे महाराज, तिसरे तुकोजीराव पवार. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई, इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरचे स्नेही आणि पुढे धनीसुद्धा. १९२१ साली फॉर्स्टर त्यांचा खासगी सचिव होता, आणि त्या दिवसांवरचं त्याचं 'द हिल ऑफ देवी' १९५३ मध्ये आलं. माणूस भक्तिमान, लाघवी, खर्चाच्या बाबतीत हात सैल. संस्थान कर्जात रुतलं, इंग्रजांचा ससेमिरा लागला, तेव्हा १९३० च्या दशकात महाराज देवास सोडून थेट पाँडिचेरीला गेले.

पाँडिचेरीच का? समुद्र, नारळ आणि फ्रेंच झेंडा. इंग्रजांचा हात तिथे पोहोचत नव्हता.

डिसेंबर १९३७ मध्ये तिथेच ते वारले. आज त्याच पाँडिचेरीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवतात. राजा समुद्राकाठी गेला, कर्ज देवासलाच राहिलं.

बाईकचा हप्ताही बदनावरलाच राहतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

उलट दिशेचा प्रवासी आठवतो तो वरसईचा विष्णुभट गोडसे. कोकणातला भिक्षुक, घरात कर्ज, १८५७ सालात काकांबरोबर उत्तरेकडे निघालेला. वडिलांची मनधरणी करून, परवानगी घेऊन, सोबत बघून निघाला. महूजवळ शिपायांच्या उठावाची खबर लागली आणि पुढे झाशीचा वेढा आणि लुटालूट त्याने डोळ्यांनी पाहिली. लुटला गेला, उपाशी राहिला, पण परत आला. येताना गंगेची कावड घेऊन आला. या सगळ्यावरचं त्याचं 'माझा प्रवास' छापून निघायला १९०७ साल उजाडलं.

एवढी धामधूम पार करून माणूस परतला तो विचारत विचारत. पुढच्या गावात काय चाललंय, वाट सुरू आहे का, नदीला उतार कुठे आहे. या प्रश्नांची आपल्याला लाज कधीपासून वाटायला लागली?

आणि न विचारण्याची किंमत? तीही आपण मोजलेली आहे. घोड्यावरचा मराठा अटकेपर्यंत गेला, पण समुद्र कळत होता तो आंग्र्यांना. तुळाजी आंग्रे डोईजड झाला म्हणून पुण्याच्या पेशव्यांनी इंग्रजांना बोलावलं, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. आग वॉटसन आणि क्लाइव्हच्या तोफांनी लागली, बोलावणं आपलं होतं.

पुण्याला समुद्र कळत नव्हता. निर्णय मात्र समुद्राचा घेतला.

बरं, पोरगा पोहोचला. सावंतवाडीच्या टपरीवर चहा घेतला. म्हातारा टपरीवाला विचारतो, "खंयसून इलंस?" दोघांची भाषा मराठीच, निम्मी कळते, निम्मी अंदाजाने. निघताना म्हातारा सांगतो, "दर्याक उधाण आसा, जाव नको." पोरगा मान हलवतो, किक मारतो.

नेमकं तेच वाक्य त्याच्या अंदाजातून निसटलं.

आता अश्वेम. मांद्रे, मोरजी, हरमल, या पट्ट्यात सकाळी बघावं. नवशिक्याला देतात ती फळी आठ-नऊ फुटांची, वरून मऊ फोमची, म्हणजे डोक्यावर आदळली तरी कवटी शाबूत राहते. मागच्या पायाच्या घोट्याला एक दोरी बांधतात, तिचं दुसरं टोक फळीला. तिला लीश म्हणतात. मग पाण्यात नाही, वाळूवर पालथं झोपवतात. तळवे बरगड्यांशी, हात मारायचे, एका झटक्यात उठायचं, पुन्हा झोपायचं. तोंडात वाळू जाते, गुडघे सोलतात. समुद्र समोर दहा पावलांवर असतो आणि शिकवणारा जाऊ देत नाही.

शिकवणारा बहुतेकदा किनाऱ्यावरच वाढलेला. दोरी बांधता बांधता तो विचारतो, "पोहता येतं का?"

"हो."

या एका शब्दावर माझा सगळा राग आहे.

कारण हे 'हो' विहिरीतलं असतं. मालव्यात पोहायला शिकवतात ते बावडीत. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि मामाने वरून ढकलायचं. दोन उन्हाळ्यांत डबा सुटतो, पोरगा तळाची माती वर आणून दाखवतो, गल्लीत नाव होतं. ते पोहणं खोटं नाही. पण विहिरीचं पाणी कुठे जात नाही. दमलं तर चार हातांवर पायरी असते.

समुद्राचं पाणी जातं. तुम्हाला घेऊन.

"पाणी तर पाणी असतं, भिया," असं इंदुरी थाटात सांगणारे भेटतात. नसतं. लाटा एकामागून एक किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते परत जायला वाट शोधतं. पाण्याखालच्या वाळूच्या बांधात कुठे खिंड असेल तर सगळं पाणी त्या चिंचोळ्या खिंडीतून, नदीसारख्या धारेने आत ओढलं जातं. इंग्रजीत रिप करंट. कोकणात म्हणतात, पाण्याला ओढ आहे.

आणि ही ओढ दिसते कशी? शांत. डावीकडे लाटा फुटतायत, उजवीकडे फुटतायत, मध्ये एक गडद, सपाट पट्टा. नवखा माणूस बघतो आणि म्हणतो, इथे बरंय, इथे लाटाच नाहीत.

बरोबर त्याच जागी उतरतो.

तिचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही जास्त जाऊ शकतो. ऑलिम्पिकचा जलतरणपटूही तेवढ्या वेगाशी जेमतेम बरोबरी करील, तीही काही सेकंद. मग बावडीचा चॅम्पियन काय करणार? तो करतो तेच, जे कुणीही करेल. किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारतो. किनारा दिसतो, जवळच दिसतो, आणि दर मिनिटाला लांब जातो. त्याला पाणी मारत नाही. दमणूक मारते.

करायचं असतं ते साधं आहे. ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. म्हणून आधी तरंगायचं. हात वर करून बोलवायचं. आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहायचं, आडवं, चिंचोळ्या धारेच्या बाहेर पडेपर्यंत. मग लाटाच परत आणून सोडतात. फळी हाताशी असेल तर ती सोडायची नाही, तीच होडी.

वाचायला अर्धं मिनिट लागलं ना? हॉस्टेलचे फोटो बघायला जास्त वेळ लागला होता.

१ फेब्रुवारी २०१६. मुरुड. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल. दुपारी मुलं पाण्यात उतरली. चौदा विद्यार्थी गेले. पुणं काही बदनावर नव्हे. शंभर-दीडशे किलोमीटरवर समुद्र असलेल्या शहरातली मुलं होती ती. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असेल तर ऐकू जाईल असं सांगितलं नव्हतं.

मग समुद्र कळतो कुणाला? कोळ्याला. आणि कोळी काय करतो? बसून राहतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मग होडी लोटायची, हा कायद्याच्याही आधीचा शिरस्ता. पिढ्यान्‌पिढ्या पोट समुद्रावर, तरी पावसाळ्यात समुद्राकडे पाठ.

पोरांना गोवा सुचतो तो नेमका जुलैत. खोल्या स्वस्त असतात.

स्वस्त का असतात, हा प्रश्न कुणाला पडतो?

कोकणात भरतीचं गणित घरोघर तोंडपाठ असायचं. तिथीचा आकडा घ्यायचा, तिनाने गुणायचा, चाराने भागायचा. आलं ते पूर्ण भरतीचं घड्याळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मग सहाएक तासांनी पूर्ण ओहोटी. ठिकाणागणिक थोडं मागेपुढे होतं, पण आडाखा पक्का. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. आणि ओहोटी लागली की ओढ वाढते, हे कुठलाही गावकरी सांगेल.

त्यासाठी लागतं काय? पंचांग. ते बदनावरच्या प्रत्येक घरात आहे. एकादशीला साबुदाणा भिजवायची आठवण त्यातूनच होते. त्याच पानावर समुद्राची वेळ लिहिलेली आहे, आपण फक्त उपासाची वाचतो.

पंचांग नको असेल तर फोन आहे. हैदराबादला इन्कॉइस नावाची सरकारी संस्था आहे, १९९९ पासून. लाटा किती उंच येणार, कुठल्या किनाऱ्याला धोका, हे ती सांगते. तिचं 'समुद्र' नावाचं अ‍ॅपही आहे. हैदराबादलाही समुद्र नाही. तरी तिथे बसून तो वाचता येतो, म्हणजे प्रश्न अंतराचा नाही.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, सर्फिंग म्हणजे मुक्तपणा, त्यात कसली गणितं? मग खऱ्या सर्फरला विचारा.

अश्वेमला फळीखाली येणारी लाट पुष्कळदा हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, कुठल्यातरी वादळात जन्मलेली असते. हजारो किलोमीटर, कित्येक दिवस चालत ती येते. सर्फर तिची वाट आठवडाभर आधीपासून बघत असतात. वारा कुठून, भरती किती, दोन लाटांमध्ये सेकंद किती, सगळं लिहून ठेवतात. लाट अचानक येत नाही. अचानक येतो तो फक्त बदनावरवाला.

सर्फिंग जगभर नेलं ते हवाईच्या ड्यूक काहानामोकूने. तो कोण होता? १९१२ आणि १९२० च्या ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर फ्रीस्टाइलचा सुवर्णविजेता. आधी पोहणं, मग फळी. क्रम त्याने ठरवून दिलेला आहे.

आपल्याकडे या खेळाची पद्धतशीर सुरुवात मंगळूरजवळच्या मुल्कीत झाली. जॅक हेब्नर नावाच्या अमेरिकी संन्याशाने २००४ च्या सुमारास तिथे आश्रम आणि सर्फ क्लब उभा केला. लोक त्याला सर्फिंग स्वामी म्हणू लागले. तिकडे चेन्नईजवळ कोवलमला मूर्ती मेगवन हा मच्छीमार मोडक्या लाकडी फळीवर लाटा घ्यायला शिकला आणि पुढे गावातल्या कोळ्यांच्या पोरांना शिकवत बसला. त्याची अट पोरं व्यसनापासून लांब राहण्याची होती. किनाऱ्यावर बीअरची बाटली घेऊन फळीबरोबर फोटो काढणाऱ्यांनी ही अट दोनदा वाचावी.

ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धेत रमेश बुडीहाळने कांस्यपदक घेतलं. या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यामागे किती सकाळी गेल्या असतील? रात्री अकराला ठरवून पदक मिळत नाही.

पोराला पदक नको आहे, मान्य. त्याला दोन सेकंद उभं राहायचं आहे. ते जमतं. खरंच जमतं, पहिल्या दिवशीसुद्धा. कमरेएवढ्या पाण्यात, फुटून पांढऱ्या झालेल्या लाटेवर, शिकवणाऱ्याने मागून फळी ढकललेली असताना. त्या दोन सेकंदांत मालव्याच्या पठारावरचा माणूस पाण्यावर चालतो आणि पडताना आरोळी ठोकतो. ती आरोळी मला फार आवडते. प्रत्येकाच्या तोंडून एकदा तरी निघावी.

म्हणून तर एवढा जीव काढतोय.

धोका धड्याच्या वेळी नसतोच फारसा. असतो तो नंतर. धडा संपतो, दुपारी झोप होते, संध्याकाळी हॉस्टेलवर चार ओळखी होतात आणि सूर्य बुडाल्यावर कुणीतरी म्हणतं, चला पाण्यात. गोवा सरकारने २००८ मध्ये किनाऱ्यांवर जीवरक्षक ठेवायचं काम 'दृष्टी' या कंपनीला दिलं. पिवळ्या-लाल कपड्यातली ती पोरं दिवसभर शिट्ट्या फुंकत असतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांची पाण्यावरची मुख्य पाळी संपते.

आणि आपली पार्टी साडेसहाला सुरू होते.

लाल झेंडा लावलेला असतो. त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात. जीवरक्षक शिट्टी मारतो. "पैसे देऊन आलोय," असं त्याला ऐकवणारे महाभाग आहेत. पैसे खोलीचे दिलेत. समुद्राचं भाडं कुणी घेत नाही, त्यामुळे तक्रार कुठे करणार?

जीवरक्षकाला तुम्ही कुठून आलात याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला फक्त मोजायचं असतं, गेले किती आणि आले किती. एकट्याने आलेल्याची पंचाईत इथेच होते. चौघांतला एक दिसेनासा झाला तर तिघं ओरडतात. एकटा दिसेनासा झाला तर ओरडायचं कुणी?

म्हणून एकट्याने जाणाऱ्यानेच सगळ्यात जास्त माणसं जोडायला हवीत. हॉस्टेलच्या काउंटरवर सांगा, पाण्यात जातोय, अमुक वाजता परत येईन. शिकवणाऱ्याला सांगा, विहिरीत पोहलोय, समुद्र पहिल्यांदा बघतोय. लाज कसली? उलट तो खूश होतो. खोटं 'हो' ऐकून ऐकून त्याचे कान किटलेले असतात.

आता थोडं पोरांना सोडून मोठ्यांकडे.

बदनावर तहसिलीत भैंसोल्याला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क येतंय. १७ सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी भूमिपूजन केलं. उद्या तिथे पगार मिळतील. पगार आले की सुट्ट्या येतील, सुट्ट्या आल्या की गोवा येणार. आज एक बाईक निघते, उद्या बस भरून निघतील. उज्जैन-बदनावर रस्ता चौपदरी झाला, पलीकडे झाबुआ-रतलाममधून दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग गेलाय. समुद्र दरवर्षी काही तासांनी जवळ येतोय.

रस्ते वाढवायला सगळे तयार. पोहायला शिकवायला कोण?

शाळेत माहीचा उगम पाठ करून घेतात. कर्कवृत्त दोनदा ओलांडते, दोन गुण. त्या नदीच्या तोंडाशी भरतीचं पाणी उलटं कसं चढतं, ओढ म्हणजे काय, तिच्यात सापडल्यावर कुठल्या दिशेला हात मारायचे, यावर एकही गुण नाही. समुद्र नसलेल्या जिल्ह्याला समुद्राचा धडा कशाला, असा प्रश्न येईल. उत्तर सोपं आहे. किनाऱ्यावरच्या मुलाला हा धडा आजोबा देतात. बदनावरच्या आजोबांना तो येत नाही, म्हणून शाळेने द्यायचा.

आणि इंदूर-उज्जैनच्या ट्रॅव्हल्सवाल्यांनो, तुमच्याकडून एकच काम हवंय. गोव्याच्या पॅकेजच्या पावतीवर तुम्ही चेक-आउटची वेळ छापता, नाश्त्याची छापता, उशीर झाल्यास दंड किती तेही छापता. त्याखाली त्या दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापा. 'पाण्याने ओढलं तर आडवं पोहा' एवढं ठळक अक्षरात छापा. कागद तोच, शाई तीच. पुढच्या सीझनच्या पावत्या छापायला टाकायच्या आधी करा.